खिंडीत काठी उगारायची नाही

हे लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस अडून बसले होते. माझं वाचन शाळेतल्या गुरुजींच्या पत्र्याच्या पेटीतल्या पत्रकांवर झालं. आज कुपवाडच्या कामगारांसाठी मी स्वतः पत्रकं लिहिते. घरच्या देव्हाऱ्यापुढं उभी राहून ‘पुरावा दाखवा’ म्हणणारी मी. अशा मुलीनं देवाचा अनुभव सांगायला बसावं, हे माझं मलाच पटत नव्हतं. पण जे घडलं ते घडलं. वाद न घालता ते सांगायचं, एवढंच ठरवलं आहे.

धाकटा भाऊ सैन्यात भरती झाला. प्रशिक्षण संपून त्याची शपथेची परेड होती, तिकडं लांब उत्तरेत. तारीख ऐनवेळी कळली, रेल्वेत जागा मिळेना, म्हणून त्यानं आई-आबांसाठी विमानाच्या दोन तिकिटांचे पैसे पाठवले. पण जतला आमच्या मेंढ्या व्यायला आल्या होत्या आणि कळपापाशी कुणीतरी राहायलाच हवं होतं. आई म्हणाली, “आबांसंगं तूच जा. माझ्या वाटचा ह्यो नारळ ने.” आमच्या कुळदेवापुढं, बिरोबापुढं ठेवून, भंडारा लावून आणलेला नारळ. पोरानं शपथ घेतली की त्याच्यावरून ओवाळायचा आणि फोडायचा. “नारळ फुटला म्हणून सांगशील, तवाच मी तोंडात घास घालीन,” असं तिनं वर सांगून टाकलं.

मला धास्ती होती ती नारळाची नाही, विमानतळाची. मागच्या वर्षी एका सभेला जाताना मी दारावरच्या माणसाशी त्याच्या बोलण्याच्या पद्धतीवरून भांडले होते. मी बरोबर होते. विमान मात्र निघून गेलं. या वेळी ते गेलं असतं तर आबांना पोराची शपथ दिसली नसती, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परेड होती. म्हणून मी माझ्या सवयीनं एक पत्रकच तयार केलं: ‘विमानतळावर काय करावे, काय करू नये’. बारा कलमं. ओळखपत्र हाताशी ठेवा, कात्री नको, काडेपेटी नको, पाण्याची बाटली रिकामी करा. आबांना ते दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं.

सांगलीवरून निघून साताऱ्यात आत्याकडं मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पुणं गाठलं. विमान दुपारचं होतं. इतक्या लवकर कशाला, असं आत्या म्हणाली होती. आबा म्हणाले, “दाटी व्हायच्या आत फाटकाशी जाऊन बसावं. मेंढरं घाईला लागली की चुकत्यात.” मोठी बॅग आम्ही सामानात दिली आणि तपासणीच्या रांगेला लागलो. दोऱ्यांमधून वळत वळत पुढं सरकणारी ती माणसं बघून आबा गालात हसले. “आगं, ही तर खिंडच की!”

पुढचा माणूस ट्रेमध्ये काय काय ठेवतो ते आबा बघत होते. मी सांगायच्या आधीच त्यांनी पायताण काढलं, हातातलं चांदीचं कडं काढलं, कमरेचा पट्टा काढला. मग स्वतःहून डोक्याचा पटकाही उतरवून ट्रेमध्ये ठेवला. देवाची पायरी सोडली तर आबांनी चारचौघांत पटका काढलेला मी कधी पाहिला नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक उठली. आबा मात्र मोकळ्या डोक्यानं, दोन्ही हात पसरून त्या चौकटीतून पलीकडं गेले.

तेवढ्यात त्यांची पिशवी बाजूला काढली गेली. गणवेशातल्या मुलीनं आतून नारळ बाहेर काढला. तो माझ्याच पत्रकात गुंडाळलेला होता.

“बाबा, नारळ आत नेता येत नाही.”

बारा कलमांत नारळ नव्हता. नारळ हीसुद्धा प्रवासात विचारात घ्यायची गोष्ट असते, हे मला सुचलंच नव्हतं. मोठी बॅग केव्हाच गेली होती. शेजारी एक डबा होता. त्यात लायटर, कात्र्या, बाटल्या पडल्या होत्या. मुलगी काही वाईट बोलली नव्हती, ती तिचं काम करत होती. तरी माझा आवाज चढला. “म्हाताऱ्या माणसाचा देव तुम्ही कचऱ्यात टाकायला लावता?” रांगेतले लोक वळून बघू लागले. मुलीनं तिच्या साहेबाकडं बघितलं. मागचंच सगळं आता पुन्हा होणार, हे मला दिसत होतं आणि थांबताही येत नव्हतं.

आबांनी माझ्या मनगटाला हात लावला. “खिंडीत काठी उगारायची न्हाई, पोरी. एक मेंढरू बुजलं की समदी बुजत्यात. आता आपल्या हातात काय न्हाई. त्याचा नारळ हाय, तो बघंल.”

आणि ते नुसते उभे राहिले. मीही बाजूला सरले.

मागून चाकाची खुर्ची रिकामी घेऊन एक कर्मचारी येत होता, आबांच्याच वयाचा. आबांच्या कपाळावरचा भंडारा बघून तो थांबला.

“पाव्हणं, कुणीकडचं?”

“जत. तुमी?”

“लोणंद. आमच्यात बी बिरोबाच हाय. काय झालं?”

आबांनी सांगितलं. त्यानं साहेबाला विचारलं, साहेबानं नारळ बाहेर न्यायला परवानगी दिली. मग तो आबांना म्हणाला, “परेड कवा हाय? उद्या आठला? मग मी बी आठलाच फोडतो, पोराच्या नावानं. माघारी कवा येताय?”

“परवा दुपारी,” आबा म्हणाले.

“मग जावा बिनघोर. हितं लय टाइम लावू नगा, गेट लांब हाय.” पत्रकासकट नारळ खुर्चीवर ठेवून तो गेला. नाव विचारायचं राहून गेलं.

परेड बघताना आबा रडले नाहीत. मी रडले. शपथ झाल्यावर त्यांनी कंबरेच्या गाठीतला चिमूटभर भंडारा भावाच्या कपाळाला लावला आणि आईला फोन केला. “फुटला गं नारळ. जेव आता.”

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “आबा, तुमी बघितलं का? त्यानं फोडला न्हाई तर?”

“त्यानं सांगितलंय न्हवं?” आबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला. आई तिकडं भाकरी खात असणार आणि इकडं पुरावा मागणारी मी एकटीच उपाशी असल्यासारखी उभी होते.

पुण्याला परत उतरलो तेव्हा सामानाच्या पट्ट्याजवळ एक झाडणाऱ्या मावशी आमच्याकडं निरखून बघत होत्या. “पटकेवालं आजोबा, जतचं तुमीच का? लोणंदच्या मामांची आज सुट्टी हाय. हे द्यायला सांगितलंय.”

माझं पत्रक होतं, भंडाऱ्यानं पिवळं झालेलं. आत नारळाची एक वाटी. देवापुढं फोडलेल्या नारळाची एक वाटी तिथं राहते आणि एक माघारी येते, तशी ती आली होती.

ती वाटी आईनं स्वतःच्या हातानं फोडून शेजारपाजारला वाटली. मला दिलेला तुकडा मी खाल्ला. एरवी मी प्रसाद हातात घेऊन बाजूला ठेवत असे. देवानं माणूस पाठवला की माणसातच देव होता, हे मला ठरवता येत नाही, आणि आता ठरवायची घाईही नाही. अन्यायापुढं माझा आवाज आजही चढतो. तो चढलाच पाहिजे. पण जिथं नुसती वाट अरुंद आहे, तिथं हात मोकळे सोडून उभं राहायला मी आबांकडून शिकले. त्या पिवळ्या कागदावर मी तेरावं कलम लिहिलं आहे: नारळ सोबत असल्यास मोठ्या बॅगेत द्यावा. त्याखाली थोडी जागा उरली होती, तिथं लोणंदच्या त्या पाव्हण्यांसाठी लिहिलं: तुमचं चांगभलं होवो.