पडणारा पंजा

मिस्तरींच्या हातचं काही डुगडुगत नसे. त्यांच्या स्टुलाच्या पायाखाली कागदाची घडी घालायची वेळ कुणावर आली नव्हती. लाकूड माणसापेक्षा बरं, असं ते म्हणत. मेल्यावर तरी सरळ उभं राहतं.

एक शेवटचं मोठं काम करायचं आणि करवत भिंतीला टांगायची, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात विज्ञान दालनातून बाई आल्या. बाई पेशींचा अभ्यास करणाऱ्या. मुलांना हाताळता येईल असा, दाराएवढा लाकडी नमुना त्यांना हवा होता. आपल्या पेशींच्या अंगावर बारीक बारीक पंजे असतात, त्यातला एक. खाली सपाट तळ, दोन बाजूंना पिळदार भिंती, मधे खाच आणि खाचेत एक तुकडा.

तुकडा कसला, ते बाईंनी गाळ्यातल्या भुशावर बोटाने चित्र काढून सांगितलं. जंतू पेशीत शिरला की पेशी त्याची प्रथिनं कापून बारीक तुकडे करते आणि एकेक तुकडा अशा पंजात धरून बाहेर, आपल्या अंगावर मांडते. बाहेर टी पेशी फिरत असतात, पहारेकरीच त्या. त्यांना आत डोकावता येत नाही. त्या पंजातला तुकडा चाचपतात. घरचा असला तर पुढे जातात, परका असला तर बोंब ठोकतात.

म्हणजे अख्खा चोर दाखवायचा नाही, त्याच्या सदऱ्याचं बटण दाखवायचं, असं मिस्तरी म्हणाले. बाईंना ते फार आवडलं.

पंजा तयार झाला. सांधा कुठे आहे ते नखालाही कळत नव्हतं. बाईंनी खाचेतला तुकडा उपसला आणि मागे सरकून वाट बघत राहिल्या. पंजा ढिम्म.

“हा पडायला हवा,” बाई म्हणाल्या.

चित्राबरहुकूम केलं तेव्हा तो पडतच होता. मिस्तरींना ती आपली चूक वाटली, म्हणून त्यांनी मागून कुणाला दिसणार नाही अशी एक पट्टी ठोकली होती. बाईंनी समजावलं. तुकडा हाच पंजाचा आधार. रिकामा पंजा टिकत नाही, कोसळतो, आणि ते बरंच असतं. तो तसाच उभा राहिला तर बाहेर पडलेला कुणाचाही तुकडा उचलेल, मग पहारेकरी धडधाकट पेशीलाच मारतील. चोराचं बटण शेजाऱ्याच्या हातात सापडायचं.

मिस्तरींना सगळं पटलं आणि त्यांनी नाही म्हणून सांगितलं. पंजाखालच्या पाटीवर त्यांचं नाव लागणार होतं. जन्मभर जे केलं ते उभं राहिलं, आणि मागे उरणार काय, तर पडलेलं लाकूड.

संध्याकाळी मेहुणा आला. त्याचं फर्निचरचं दुकान. हकिगत ऐकून तो म्हणाला, “दाजी, पडणारंच हवं होतं तर मला सांगायचं. माझी टेबलं हात न लावता पडतात.”

बायकोने भावाला गप्प केलं. मग नवऱ्याला विचारलं, पाडायचं नाही म्हणून नाही म्हणालात, की पाडता येत नाही म्हणून?

“पाडायला काय अक्कल लागते?”

“मग पाडून दाखवा.”

दुसऱ्या दिवशी मिस्तरींनी पट्टी उखडली. पाडायला अक्कल लागते, हे त्यांना दुपारपर्यंत कळलं. तुकड्याची दोन्ही टोकं खाचेत नीट बसली, तर पोरांनी धक्के मारले तरी पंजा हलता कामा नये. तुकडा निघाला की लगेच पडायला हवा, आणि पडताना कुणाचं बोट चेमटता कामा नये. कधी तुकड्यासकट कोसळे, कधी तुकड्याविना ताठ उभा राही. गाळ्याला लागूनच घर. आतून बायको विचारी, “पडलं?”

“पडलं.”

“हवं तेव्हा?”

“नाही.”

त्यांनी बिजागऱ्या बदलल्या, भिंती आतून पोखरून हलक्या केल्या, खाली रबर लावलं. रात्री झोपेतही त्यांचा हात काहीतरी सोडून देत असे. मग एका सकाळी धप्प असा मऊ आवाज झाला आणि आतून काही विचारायच्या आधीच मिस्तरी ओरडले, “हवं तेव्हा!”

दालन उघडलं त्या दिवशी एका लहान मुलीने पहिल्यांदा तुकडा ओढला. पंजा गुडघे टेकल्यासारखा खाली आला. मुलीने दोन्ही हात पाठीमागे लपवले. बघायला आलेला मेहुणाही टाचा उंचावून पाहू लागला. मिस्तरींचे कान लाल झाले. ते पुढे गेले आणि तिच्याशेजारी उकिडवे बसले.

“मोडलं नाहीस तू. तुकडा लाव, उठेल.”

तिने तो लावला. एक भिंत उठली, मग दुसरी. तिने खांद्याने रेटून पाहिलं, पंजा हलला नाही. मिस्तरींकडे बघत तिने हळूच तुकडा पुन्हा उपसला, आणि मागची सगळी पोरं खिदळली. थोड्या वेळाने मेहुणा मधेच घुसू लागला, तेव्हा काका, रांग तिकडून आहे, असं त्याला ऐकून घ्यावं लागलं.

दुपारभर पंजा पडत होता. एका गृहस्थाने वैतागून विचारलं, हे सारखं पडणारं बनवलंय तरी कुणी?

“मी,” मिस्तरी म्हणाले, आणि तुकडा त्याच्या हातात दिला.