शिक्रा म्हणून ठेवलेलं पीस

ताडकळसला आत्याच्या शेतात ते पीस सापडलं, तेव्हा मी शिकारी पक्ष्यांच्या डीएनएवर पीएच.डी. करत होते. राखाडी, आडव्या पट्ट्यांचं, टोक मोडलेलं. इतर गावांतल्या पिसांसारखंच मी ते पाकिटात घातलं आणि वर लिहिलं, ‘शिक्रा’.

आत्या शेजारीच तुरीच्या शेंगा तोडत होती. “शिक्रा न्हाई ते. तुरमती हाय. त्या कडूलिंबावर जोडी राहती. डोकं विटकरी असतंय. दोघं मिळून चिमण्या धरतेत, मी रोज बघायलेय.”

“आत्या, मी हेच शिकायलेय ना,” मी म्हणाले.

ती शेंगा तोडत राहिली.

लॅबमध्ये पिसाच्या मुळातून डीएनए काढायचा असतो. पहिल्यांदा काहीच निघालं नाही. दुसऱ्यांदा निघालेलं सॅम्पल तपासायला बाहेर पाठवलं आणि माझं बूड एका जागी ठरेना. धुतलेल्या बाटल्या परत धुवायचे, दर पाच मिनिटांनी मेल उघडून बघायचे. परिषदेच्या पोस्टरवर शिक्र्याच्या नकाशात ताडकळसचा ठिपका मी आधीच टाकून बसले होते.

निकाल आला. पीस तुरमतीचं होतं.

तुरमती म्हणजे छोटा ससाणाच. डीएनएवरून जो वंशवृक्ष तयार झाला, त्यात ससाण्यांची फांदी घार, गरुड, शिक्रा यांच्यापासून लांब आहे, पोपटांच्या शेजारी. चोच, नखं सारखी दिसतात ती शिकारीमुळं, नात्यामुळं नाही. हे मी ज्युनिअर मुलींना फळ्यावर काढून दाखवलं होतं. आणि माझीच चूक एका पक्ष्याची नव्हती, अख्ख्या घराण्याची होती.

“पोस्टर नवीन छाप,” गाईड मॅडम म्हणाल्या. “एवढं मनाला लावून घेऊ नकोस.”

रविवारी बस पकडून ताडकळसला गेले. आत्या अंगणात तूर पाखडत होती.

“आत्या, तुरमतीच निघाली.”

“मग मी काय सांगायलते?”

“शिक्रा तिचा लांबचा. पोपट जवळचा.”

सूप थांबलं. “ज्वारी खाणारा पोपट?”

“तोच.”

ती जराशी हसली. मग तिनं विचारलं, “त्या बाकीच्या पाकिटांवर नावं कुणी लिवली?”

“मीच.”

“मग?”

चहा अर्धाच ठेवून उठले. संध्याकाळच्या बसची वाट न बघता दुपारीच निघाले.

सोमवारी कपाट उघडलं. बघून ओळखलेल्या प्रत्येक पाकिटावरचं नाव खोडलं. फक्त गाव आणि तारीख ठेवली. सगळी पिसं नव्यानं तपासायची म्हटल्यावर मॅडम वैतागल्या, पण त्यांनी परवानगी दिली. काम बरंच लांबलं. आणखी दोन नावं चुकीची निघाली.

आता शेतात गेले की आधी तिथल्या माणसाला विचारते आणि तो सांगेल ते वहीत लिहून घेते. तरी पाकीट बंद करताना हात थबकतो, परत उघडून पीस बघते.