घाण्याच्या कर्जाचा पैसा कुठून आला

आमच्या बँकेच्या नेवाशाच्या शाखेत कर्जाच्या टेबलावर मी चार वर्षं होते. सकाळच्या एसटीनं नगरच्या सावेडीतून जायचं, संध्याकाळी परत. त्या चार वर्षांत माझ्यासमोर किती माणसं बसली असतील, गणती नाही. कर्ज किती मिळेल, हप्ता किती बसेल, जामीन कोण लागेल, एवढंच बहुतेक जण विचारायचे. एका बाईंनी मात्र निराळंच काही विचारलं आणि सतरा वर्षांच्या नोकरीत आपण काय करत होतो हेच आपल्याला ठाऊक नाही, असं माझ्या लक्षात आलं.

बाई पंचेचाळिशीच्या, तालुक्याच्या कोरडवाहू भागातल्या. वीस हंगाम त्यांनी नवऱ्याबरोबर ऊस तोडला होता. नवऱ्याचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी ठरवलं, आता कोयता धरायचा नाही. विजेवर चालणारा लाकडी घाणा घ्यायचा आणि करडईचं, शेंगदाण्याचं तेल काढून विकायचं. त्यांचे कागद चोख होते. कर्ज मंजूर झालं. मी सहीसाठी कागद पुढे सरकवले, तर पेन हातात धरून त्या थांबल्या.

"मॅडम, हा पैसा कुनाचा हाय?"

"बँकेचा."

"बँकेचा म्हंजी कुनाचा?"

"लोक आमच्याकडे ठेवी ठेवतात ना, त्यातून आम्ही कर्ज देतो." शाळेत शिकलेलं उत्तर मी सवयीनं दिलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हंगामाच्या आधी टोळीचा मुकादम आमाला पैशाची उचल द्यायचा. पैसा माझा हाय म्हनायचा, मी म्हनंन तवा निघायचं. वीस वरसं ऐकलं त्याचं. आता ज्याचा पैसा त्यो मानूस मला म्हाईत पायजे. त्याला चालनार असंल तरच घेते."

दुसऱ्या दिवशी त्या नणंदेला घेऊन आल्या. नणंदेची आमच्या शाखेत मुदत ठेव होती. "हिच्या ठेवीतलं देनार असाल तर आधी हिला इचारा," बाई म्हणाल्या.

नणंद घाबरलेली. "माझी ठेव कमी व्हनार का?"

"नाही, एक रुपयासुद्धा नाही."

"मंग हिला काय देनार?"

मी नणंदेचं खातं पुन्हा उघडून पाहिलं. काचेच्या केबिनमधून मॅनेजर साहेब बाहेर आले. "कशाला खोलात शिरता? सही घ्या, नाहीतर फाइल परत करा." मी फाइल उचलली आणि बाईंना म्हटलं, "दोन दिवस द्या मला. खरं काय ते शोधून सांगते."

एसटीत बसल्यावर तोच विचार. बँक म्हणजे गोदाम, एकजण पोतं ठेवतो, दुसरा नेतो, असंच मी धरून चालले होते. तसं असतं तर नणंदेचं पोतं रिकामं दिसायला हवं होतं. ते तर जागच्या जागी होतं. एम.कॉम. झाले, बढतीच्या परीक्षा दिल्या, आणि तेल गाळायला निघालेल्या बाईला साधं उत्तर देता येत नाही, याची मला लाज वाटली. उत्तर काढल्याशिवाय सोडायचं नाही, असं मनाशी पक्कं केलं.

सावेडीत आमच्याच गल्लीत बँकेतले एक निवृत्त साहेब राहतात. मुख्य कार्यालयात इतर बँकांशी रोजचा हिशेब मिटवायचं काम त्यांनी अनेक वर्षं केलेलं. त्याच संध्याकाळी त्यांना गाठलं. ते झाडांना पाणी घालत होते.

"आधी ठेव आणि मग कर्ज, असं आपण पाठ केलंय," ते म्हणाले. "उलटं बघ. तू कर्ज देतेस तेव्हा त्याच नोंदीत नवी ठेव तयार होते. आधी नसलेली."

"हवेतून?"

"हवेतून कशी? बाई लिहून देते की मी फेडीन. बँक लिहून देते की तू मागशील तेव्हा मी पैसे देईन. बँकेचं ते लिहिलेलं बाजारात पैसा म्हणून चालतं."

मला पटेना. दुसऱ्या दिवशी काउंटर उघडायच्या आत मी शाखेच्या एकूण ठेवी आणि एकूण कर्जं कागदावर उतरवून घेतली. एका दुकानदाराचं कर्ज द्यायचं होतं, आणि त्याला फ्रीज विकणाऱ्याचं खातं आमच्याच शाखेत होतं. मी रक्कम वर्ग केली आणि पुन्हा आकडे पाहिले. कर्जं तेवढ्यानं वाढली होती, ठेवीही तेवढ्यानंच. कुणाच्याही खात्यातून काही गेलं नव्हतं. ही नोंद मी हजारो वेळा केली असेन. दोन्ही बाजू एकदम पाहायची बुद्धी कधी झाली नव्हती.

ठरल्या दिवशी दोघी आल्या. मी पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं.

"मंग तुमी कितीबी लिवा की!" नणंद म्हणाली.

"नाही लिहिता येत. समजा, घाणा विकणाऱ्याचं खातं श्रीरामपुरात दुसऱ्या बँकेत आहे. ती बँक आमच्या लिहिण्यावर भागवून घेत नाही. तिला देशाच्या मध्यवर्ती बँकेचा पैसा लागतो. सगळ्या बँकांची खाती त्या एका बँकेत असतात. तो पैसा आणि नोटा तिनंच काढायच्या. तीही लिहूनच काढते, बँकांना कर्ज देताना किंवा सरकारचे रोखे घेताना. पण तिचा पैसा आम्हाला लिहिता येत नाही, तो जवळ असावा लागतो. शिवाय तुमच्यासारख्यांनी बुडवलं तर आधी बँकेचं स्वतःचं भांडवल जातं. ते किती असलंच पाहिजे याचा कायदा आहे."

बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. "आन म्या फेडल्यावर त्यो पैसा कुनाच्या घरात जातो?"

"मुद्दल कुणाच्याच नाही. जसं लिहिलं तसं पुसलं जातं. व्याज ही बँकेची कमाई. ठेवीदारांचं व्याज, आमचे पगार त्यातूनच."

"हप्ता चुकला तर?"

"फोन येतील, नोटीस येईल. फारच थकलं तर बँक घाणा ओढून नेईल. खोटं सांगत नाही."

"पर ऊस तोडाया चल, आसं कोन म्हननार न्हाई?"

"ते कुणीच म्हणू शकत नाही."

त्यांनी पेन उचललं आणि सावकाश, एकेक अक्षर लावत पूर्ण नाव लिहिलं. नणंद तेवढ्यात म्हणाली, "तरीबी माझं पासबुक एकदा छापून द्या." मी दिलं. तिनं तिथंच उभं राहून रक्कम पाहिली, मग हसली.

सुरुवात सोपी गेली नाही. वीज वेळी-अवेळी जायची, आणि पिशवीतल्या तेलापेक्षा घाण्याचं तेल महाग म्हणून गिऱ्हाईक मागे फिरायचं. दोघी मिळून आठवडी बाजारात बाटल्या घेऊन बसू लागल्या. एक हप्ता अकरा दिवस लांबला. मला फोन करावा लागला. दुसऱ्या दिवशी त्या पैसे घेऊन हजर. रागावल्या नव्हत्या. "कागद मीच लिवून दिलाय," एवढंच म्हणाल्या.

दसऱ्यानंतर त्यांच्या गल्लीत ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर आला. हे त्यांनीच मला सांगितलं. मुकादम दारात उभा राहून म्हणाला, यंदा जास्त उचल देतो. बाईंनी घाणा बंद केला नाही. त्या आवाजात त्याला दोनदा ओरडून सांगावं लागलं. मग त्यांनी मान हलवली, नाही म्हणून, आणि करडई ओतत राहिल्या.

पुढं माझी बदली श्रीरामपूरला झाली. त्यांचं कर्ज अजून चालू आहे आणि हप्ते वेळेवर जातात, असं नव्या अधिकाऱ्यांकडून कळतं.

मध्यंतरी नगरला नव्या अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण होतं आणि जुन्यांपैकी मला बोलावलं होतं. शिकवणाऱ्यांनी फळ्यावर एक बाण काढला, ठेवीदाराकडून बँकेकडे, आणि दुसरा बँकेकडून कर्जदाराकडे. मी हात वर केला.

"मॅडम, समजायला सोपं जातं म्हणून असं दाखवतो," ते म्हणाले.

"सर, कर्जदार पुढ्यात बसून विचारतात. मी हेच सांगितलं होतं आणि एका बाईंनी मला तिथंच अडवलं. खरं आहे तेसुद्धा अवघड नाही. दहा मिनिटं द्या."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग खडू माझ्यापुढे धरला. मी उठले, दोन्ही बाण पुसले आणि नोंदीच्या दोन बाजू आखायला घेतल्या.