होयबाचं उत्तर

सलूनवाल्याला सगळे होयबा म्हणत, तेही त्याच्या तोंडावर. त्यालाही तो हो म्हणे. वडिलांनी वस्तरा हाती देताना एकच बजावलं होतं: गिऱ्हाईक खुर्चीत असेपर्यंत त्याच्याशी वाद घालायचा नाही. वाद घातला की माणूस मान हलवतो, आणि धारेखाली मान हलली की कारभार आटोपला.

दर रविवारी त्याच्या बाकावर वाद रंगायचा, जगातला सर्वांत थोर माणूस कोण? मास्तरांच्या मते छपाई शोधणारा. औषधवाल्याच्या मते लस काढणारा. पोस्टातला कारकून तर जग जिंकायला निघालेल्या राजांखाली कुणाला मोजतच नसे. ज्याची पाळी येई तो खुर्चीत बसून साबणाच्या फेसातून विचारी, "काय, पटतंय ना?" होयबा म्हणे, "अगदी बरोबर!" मग उरलेले दोघं त्याची टर उडवत. एका सकाळी तीन थोरांना मत देणारा मतदार त्यांनी दुसरा पाहिला नव्हता. "तुझा कोण?" असं मात्र तीस वर्षांत कुणी विचारलं नाही.

आणि त्याच्याकडे उत्तर होतं हो! वस्तरा परजता परजताच सापडलेलं. ज्याने पहिल्यांदा परक्या माणसाच्या हातात धारदार पातं दिलं, मान मागे टाकली आणि डोळे मिटले, तो थोर. त्याच्याआधी पातं दिसलं की माणसं पळतच असणार. त्याच्यापुढे राजेबिजे काय घेऊन बसलात? बायकोला एकदा निवांत सांगायचं ठरवलं होतं. ते राहून गेलं, आणि मग तीच गेली.

पुढे बाकही रिकामा झाला. कारकून मुलाकडे राहायला गेला, औषधवाला वारला. एका रविवारी मास्तर एकटेच काठी टेकत आले. फेस लावून झाला, वस्तरा गळ्याशी आला, तेवढ्यात ते म्हणाले, "अरे, तुला कधी विचारलंच नाही आम्ही. तुझ्या मते कोण रे थोर?"

होयबाचा हात थांबला. तीस वर्षं घासूनपुसून ठेवलेलं वाक्य ओठांवर आलं. मास्तर मान टाकून, डोळे मिटून वाट बघत होते.

"तुम्ही म्हणता तोच, मास्तर," तो म्हणाला.

"वाटलंच मला," मास्तर हसले. जाताना सांगून गेले, की पुढच्या महिन्यापासून तेही लेकीकडे राहायला जाणार.

दार लागल्यावर होयबाला स्वतःचा भयंकर राग आला. त्याने बाकाकडे तोंड करून आपलं उत्तर मोठ्याने, अगदी ठासून सांगितलं. कुणी 'हो' म्हटलं नाही, कुणी 'नाही' म्हटलं नाही. मग तो खुर्चीत बसला, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. बराच वेळ तसाच बसून राहिला. शेवटी उठला आणि आरशासमोर उभं राहून, रोजच्यासारखी, स्वतःची दाढी स्वतःच केली.