घोडीची वेणी

आमचे हे भाट्याच्या किनाऱ्यावर घोडी फिरवायचे. सुट्टीत पर्यटकांची पोरं पाठीवर, लग्नसराईत नवरदेव. घोडी आमच्याकडे बारा वर्षं होती आणि मी तिला सवत म्हणायचे. उगाच नाही. सकाळचा चहासुद्धा हा माणूस तिच्यापाशी उभा राहून प्यायचा. घरात मात्र तोंडातून चार शब्द निघतील तर शपथ.

श्रावणात ते गेले. छातीत कळ आली आणि रिक्षा येईपर्यंत संपलं. मला रडू आलं नाही. भेटायला येणाऱ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या, चहा पिऊन उठायच्या. बाई दगड आहे असं कुणी म्हटलं असेल, तर ते खोटं नव्हतं. मी भात शिजवत होते, भांडी घासत होते, घोडीला गवत टाकत होते. आत काही हलत नव्हतं.

मार्गशीर्षातलं एक लग्न त्यांनी आधीच घेऊन ठेवलं होतं. मुलाचे वडील विचारायला आले, तेव्हा मी म्हटलं, घोडी येईल. शब्द त्यांचा होता, मोडायला मी कोण? पण वरातीची घोडी म्हणजे आयाळीला वेण्या, शेपटीला वेणी, त्यात गोंडे. ते सगळं हेच करायचे. यांच्याबरोबर किनाऱ्यावर घोडा फिरवणारे एक भावजी आहेत. लगाम धरून वरातीत चालायला ते तयार होते, पण त्यांची बोटं वाताने आखडलेली. "मी सांगतो, तुमी घाला," म्हणाले.

वेणी मला काय शिकवायची? लेकीच्या शाळेची दहा वर्षं रोज दोन घातल्या होत्या. दुसऱ्या दिवशी भावजी यायच्या आधीच मी घरच्या खोबरेल तेलाची वाटी घेऊन गेले आणि आयाळ चांगली चोपडून ठेवली. तेल लावल्याशिवाय वेणीला हात घालायचा नाही, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं.

भावजींनी आयाळीवरून हात फिरवला आणि तो माझ्यासमोर धरला. "वैनी, हिला शाळेत धाडायची हाय काय? ह्यात वेणी ऱ्हवेल कशी?"

राहिली नाहीच. घातलेली प्रत्येक वेणी घोडीने मान झटकली की सुटायची. रिठ्याच्या पाण्याने तीन वेळा धुतली तेव्हा कुठे ते तेल निघालं. मग भावजींनी नीट सांगितलं. केस नुसते पाण्याने ओले करायचे. फणीने सारख्या बटा पाडायच्या, मुळाशी घट्ट धरायचं आणि टोकाला लोकरीने बांधायचं. शेपटीला दोन्ही कडांच्या बारीक बटा उचलत मध्ये आणायच्या, आणि आपण बाजूला उभं राहायचं, मागे नाही. चार दिवसांत आयाळ जमली. शेपटी नाही. हात लावला की घोडी गर्रकन फिरायची.

लग्नाच्या दिवशी सकाळी आयाळ झाली, गोंडे लागले. शेपटीला हात लावताच तिनं तीनदा झिडकारलं. नवरदेवाकडून दोनदा फोन येऊन गेला. मी फणी खाली टाकली आणि म्हटलं, राहू दे, तशीच न्या.

भावजी लगाम धरून उभे होते. जरा घुटमळले. "तुमी गप हाव म्हणून ती उभी ऱ्हवत नाय. तो वेणी घालताना बोलत असायचा."

"काय बोलायचे?"

"सगळा. जेवायला काय होता, तुमी कशावरून रागावलात, लेकीचा फोन आला काय नाय."

मला राग आला. चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि आला तो राग. माझ्याशी बोलायला या माणसाला शब्द सापडत नव्हते, आणि इथे माझ्या कागाळ्या चालायच्या.

पण वरात खोळंबली होती. मी शेपटी हातात घेतली आणि बोलू लागले. आज तांदळाच्या भाकऱ्या केल्या, म्हटलं. कुळथाची पिठी केली. लेक येत्या महिन्यात येते म्हणाली. घोडीचे कान मागे वळले आणि ती उभी राहिली. मी बटा उचलत गेले, बोलत गेले. वेणी अर्ध्यावर आली आणि माझ्याकडचं बोलणं संपलं. ती पुन्हा चुळबुळायला लागली.

सांगण्यासारखी एकच गोष्ट उरली होती. ती मी अजून कुणालाच सांगितली नव्हती. नातेवाइकांना लेकीनं फोन केले, गावात भावजींनी कळवलं. घोडीला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ती चार महिने वाट बघत होती.

"ते गेले गो," मी म्हटलं. "आता यायचे नाहीत."

माझाच आवाज माझ्या कानावर पडला आणि मी रडायला लागले. भावजींनी तोंड दुसरीकडे केलं. बटा सोडल्या असत्या तर सगळी वेणी उलगडली असती, म्हणून हात थांबवता येत नव्हते. घोडी हलली नाही. मी रडत रडतच ती टोकापर्यंत घातली आणि लोकरीनं बांधली.