व्याह्यांच्या ताटातला रावस

आमच्या वहिनीला कुठे जेवायला न्यायची सोय नाही. ती अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे आणि तिचं खातं माशांचं. डोकं नाही, शेपूट नाही, कातडी नाही, असा नुसता तुकडा द्या; डीएनए काढून तो कुठल्या माशाचा ते ती सांगते. शिजवलेला असला तरी. स्वस्त मासा महागाच्या नावावर खपवणारे तिच्या नावाने बोटं मोडतात. नोकरीपुरतं ठीक आहे हो, पण बाईसाहेब पर्समध्ये चिमटा आणि झाकणाच्या इवल्या नळ्या घेऊन लग्नकार्यातही हिंडतात. लोक जेवतात, ही नमुने घेते. मी तिची नणंद, म्हणून हक्काने सांगते.

तर तिच्या लेकीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, एका मासळीच्या व्यापाऱ्याच्या मुलाशी जुळलं, तेव्हा मी देवाला हात जोडले. मुलगा गुणी, पोरगी त्याच्यापायी वेडी. व्याह्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. निघताना दादाने बायकोची पर्स कपाटात कोंडली आणि किल्ली खिशात टाकली.

व्याही माणूस मोठा दिलदार आणि आवाज त्याहून मोठा. "डोळे बांधा माझे," ते म्हणाले, "जिभेवर ठेवला की मासा ओळखतो. हा रावस सकाळी मी स्वतः निवडून आणलाय." विहीणबाई मान खाली घालून वाढत होत्या. वहिनीने एक घास घेतला आणि तिचा जबडा मध्येच थांबला. तो थांबलेला जबडा मी ओळखते. मी टेबलाखालून तिला लाथ मारली. ती दादाला लागली आणि दादा उगाचच "वा, वा" करायला लागला.

घरी आल्यावर माझा चष्मा ठेवायला मी त्याचं घर उघडलं, तर आत कागदी रुमालात माशाचा तुकडा.

"वहिनी, हे काय?"

"पर्स नव्हती ना," ती म्हणाली. जसं काही कपाटात पर्स मीच कोंडली होती.

प्रयोगशाळेतल्या साहेबांना विचारून तिने तो तपासला. रावस नव्हताच, स्वस्तातला बासा होता. मग ती व्याह्यांच्या दुकानातून गुपचूप रावस घेऊन आली आणि तोही तपासला. तो मात्र अस्सल. झालं, वहिनीचं डोकं फिरलं. दुकान खोटं निघालं असतं तर तिला एवढं लागलं नसतं. "गिऱ्हाइकाला खरा आणि आपल्याला बासा? एवढी आपली किंमत? अशा घरात मी मुलगी देणार नाही."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," दादा पुटपुटला. भाचीने रडून डोळे सुजवून घेतले. "आई, एका तुकड्यावरून माझा संसार मोडू नकोस गं." पण वहिनी व्याह्यांकडे निघाली. तिला आवरायला मी सोबत गेले. खरं सांगायचं तर मजा बघायला गेले.

वहिनीने पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. व्याह्यांचा चेहरा लालबुंद. "माझ्या घरात बासा? आणि तुम्ही माझ्याकडे जेवून तुकडा चोरून नेलात? अहो, असल्या घरची मुलगी मलाच नको." माझी पाचावर धारण बसली. आता दोन्हीकडून मोडलं.

तेवढ्यात विहीणबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या.

"त्यांना काही बोलू नका. बासा मीच तळला होता," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि आमच्याकडे वळल्या. "हे रोज अख्खा मासा आणून ओट्यावर आपटतात आणि दुकानात जातात. खवलं मी काढायची, आतडी मी काढायची. माझी कंबर गेली. म्हणून तो शेजारणीला देते आणि तिच्याकडून बासाचे साफ केलेले तुकडे घेते."

"कधीपासून?" व्याह्यांचा आवाज एकदम लहान झाला.

"मुलगा शाळेत होता तेव्हापासून."

मला हसू आवरेना. मी पदर तोंडात कोंबला. डोळे बांधून मासा ओळखणारा हा माणूस इतकी वर्षं बासा खाऊन रावसाचं कौतुक करत होता. ते मटकन खुर्चीत बसले. वहिनीचा राग कुठल्या कुठे गेला. ती विहीणबाईंच्या सुजलेल्या बोटांकडे बघत होती.

"मला सांगायचंस तरी," व्याही म्हणाले.

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मासेवाल्याच्या बायकोला मासा साफ करायचा कसला कंटाळा." त्या जराही चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. "आता ऐका. ही मुलगी याच घरात येईल. आणि मासा जो आणेल, तोच साफ करेल."

व्याही उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आम्हाला वाटलं, रागावले. थोड्या वेळाने ओट्यावरून खरवडल्याचा आवाज आला. आम्ही तिघी दारातून डोकावलो. बाह्या सरसावून व्याही रावसाची खवलं काढत होते, उलट्या बाजूने. खवलं त्यांच्या मिशीवर उडाली होती.

विहीणबाईंनी शेपटीकडून डोक्याकडे कसं खरवडायचं ते बोटाने दाखवलं आणि स्टूल ओढून त्या बसल्या. त्या ओट्याजवळ बसल्याचं त्यांच्या नवऱ्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं. व्याह्यांचा हात थांबला.

"बस तू," ते म्हणाले. "अजून दोन मासे आहेत."