हात्सुएची नऊ बोटं

कुनिमात्सु हात्सुएचा सख्खा दीर. उदोन नूडल्सचं पीठ तुडवायला तिनेच त्याला शिकवलं: खाली गोळा, वर चटई, टाच आधी, मग हळूहळू गोल फिरायचं. आणि तिचा नवरा गेल्यावर हाच लबाड मारुगामे गावच्या चौकात स्वतःचं दुकान थाटून गावभर सांगत सुटला, "वहिनीचा पाय सडलाय. त्याच पायाने पीठ तुडवते."

पाय खराब होता, हे खरं. रक्त खाली पोचतच नव्हतं. पायाची करंगळी काळी पडून गळून गेली. पण पाय दुखायला लागल्यापासून पीठ तिची लेक तुडवत होती. कोण ऐकतंय? गिऱ्हाइकं तुटली, हात्सुएच्या दुकानाला कुलूप लागलं.

डॉक्टर म्हणाले, "घोट्यावरून कापावा लागेल."

"कापा की. पण आधी याच पायाने दिराला एक लाथ घालू दे."

डॉक्टरांना हसू आलं. म्हणाले, "मग रक्तातली चरबी गाळून बघू. दहा खेपा. जमलं तर पाय वाचेल."

तिला डायलिसिसच्या खोलीत खाट मिळाली. एका हातातून रक्त बाहेर, यंत्रात गाळून दुसऱ्या हातातून आत. गाळणीत पिवळट चरबी साचे. "हा कुनिमात्सु," ती नर्सला सांगे, "फेकून द्या."

सातव्या खेपेला पाऊल कोमट लागलं. त्याच दिवशी शेजारच्या खाटेवरचे म्हातारे मेकॅनिक तोराकिची म्हणाले, "तुमच्या दिराकडे पीठ मळायचं यंत्र मीच बसवलं. कुणाला बोलू नका म्हणाला."

आणि त्याच्या दुकानावर पाटी काय, तर 'पायाने तुडवलेलं'! हात्सुएच्या अंगाचा तिळपापड झाला. उरलेल्या तीन खेपा तिने दात-ओठ खात काढल्या.

जखम भरली तशी ती ऐन दुपारी, रांग लागलेली असताना त्याच्या दुकानात शिरली. बूट काढले, मोजे काढले.

"बघा. बोटं नऊच, पण सगळी गरम. हात लावून बघा. भाऊजी, आता तुमचे पाय दाखवा. गोळ्यावर घाला चटई आणि तुडवा."

"वहिनी, घरातलं घरात बोलू..."

"गावभर बोंबलताना घर आठवलं नाही?"

तिथे जेवत बसलेल्या, त्याच्या शाळेतल्या जुन्या बाईंनी वाडगा खाली ठेवला. "घाल की रे."

घातली त्याने. वर उभा राहिला आणि शिकवलेलं सगळं विसरून चवड्यांवर जागच्या जागी नाचायला लागला. तिथल्या प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी पीठ तुडवलेलं. हा पीठ तुडवतच नाही, हे वेगळं सांगायची गरजच नव्हती. रांग मागून विरत गेली.

हात्सुएने मोजे चढवले.

"टाच आधी, भाऊजी," ती म्हणाली.